हास्यवायूची नशा आणि मज्जारज्जूची इजा : कारणे, लक्षणे, उपचार व पुनर्वसन

झाशी : पायांच्या बोटांना सतत मुंग्या येणे, तळव्यांखाली कापूस असल्यासारखे वाटणे, अंधारात चालताना तोल जाणे, सदऱ्याची गुंडी लावताना बोटे अडखळणे. अशी लक्षणे विशीतल्या तरुणात दिसली, तर घरच्यांचा पहिला संशय अशक्तपणावर किंवा मणक्यातील गादी सरकण्यावर जातो. गेल्या काही वर्षांत जगभरातील मेंदूविकारतज्ज्ञांना या लक्षणांमागे आणखी एक कारण आढळू लागले आहे, ते म्हणजे नशेसाठी ओढला जाणारा नायट्रस ऑक्साइड अर्थात हास्यवायू.

या वायूमुळे होणारी इजा बी-१२ जीवनसत्त्वाच्या मार्गाने होते. त्यामुळे हे जीवनसत्त्व मुळातच कमी असलेल्या व्यक्तीला तिचा धोका अधिक असतो आणि भारतात अशा व्यक्तींची संख्या मोठी आहे. दुसरीकडे, वेळीच ओळखली गेल्यास ही इजा बऱ्याच अंशी भरून येते. त्यासाठी वायू पूर्णपणे थांबवणे, जीवनसत्त्वाची इंजेक्शने घेणे आणि काही महिने चिकाटीने पुनर्वसनाचे व्यायाम करणे, या तिन्ही गोष्टी आवश्यक असतात. झाशी हे बुंदेलखंडातील शिक्षणाचे आणि वैद्यकीय सेवेचे प्रमुख केंद्र आहे. बुंदेलखंड विद्यापीठ आणि महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय या शहरात आहे. येथील अनेक कुटुंबांतील मुले पुढील शिक्षणासाठी दिल्ली, पुणे, बंगळूरु किंवा परदेशात जातात. त्यामुळे या विकाराची माहिती पालकांना, विद्यार्थ्यांना आणि गल्लीतील डॉक्टरांनाही असणे गरजेचे आहे.

वायूची ओळख

नायट्रस ऑक्साइड हा रंगहीन आणि किंचित गोडसर वासाचा वायू आहे. इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी तो १७७२ मध्ये प्रथम तयार केला. १७९९ च्या सुमारास हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिस्टल येथील संस्थेत तो स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदवले आणि १८०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शस्त्रक्रियेतील वेदना कमी करण्यासाठी त्याचा उपयोग होऊ शकेल, असे सुचवले. प्रत्यक्षात तो उपयोग सुरू होण्यास चार दशके लागली. अमेरिकी दंतवैद्य होरेस वेल्स यांनी डिसेंबर १८४४ मध्ये हा वायू घेऊन स्वतःचा दात काढून घेतला. मधल्या काळात मात्र युरोप व अमेरिकेतील मेजवान्यांत आणि खेळतमाशांत तो करमणुकीसाठी हुंगला जात असे. ‘हास्यवायू’ हे नाव तेव्हापासूनचे आहे.

आज हा वायू जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि भारताच्याही अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. रुग्णालयात तो निळ्या रंगाच्या सिलिंडरमधून येतो. भूलतज्ज्ञ तो नेहमी प्राणवायूबरोबर मिसळूनच देतात. प्रसूतिवेदना कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मिश्रणात दोन्ही वायू निम्मे निम्मे असतात. अन्नप्रक्रिया उद्योगात क्रीम फेसाळ करण्यासाठी हाच वायू वापरतात. त्याच्या ८ ग्रॅम वायू असलेल्या छोट्या धातूच्या नळकांड्या बाजारात मिळतात.

नामसाम्यामुळे एक गैरसमज होतो. लग्नसमारंभात आइस्क्रीम किंवा पानातून धूर काढण्यासाठी वापरला जाणारा द्रवरूप नायट्रोजन वेगळा असतो. तो पोटात गेल्यास किंवा त्वचेला लागल्यास अतिथंडपणामुळे गंभीर इजा होऊ शकते, परंतु या लेखातील विकाराशी त्याचा संबंध नाही.

नशेसाठी होणारा वापर

नशेसाठी हा वायू नळकांडीतून फुग्यात भरून तोंडाने ओढला जातो. काही सेकंदांत डोके हलके होते, आवाज बदलल्यासारखे वाटतात, हसू येते आणि एक-दोन मिनिटांत सारे ओसरते. परिणाम इतका अल्पकाळ टिकत असल्याने पुन्हा पुन्हा ओढण्याची इच्छा होते. एका बैठकीत एकामागून एक अनेक फुगे संपवले जातात. युरोपात अर्ध्या किलोपेक्षा अधिक वायू मावणारी मोठी सिलिंडरे विक्रीस आल्यानंतर एकेका व्यक्तीच्या वापराचे प्रमाण वाढले आणि मज्जारज्जूच्या इजेचे रुग्णही वाढले.

धोके दोन प्रकारचे आहेत. पहिला तत्काळ होणारा. रुग्णालयाबाहेर हा वायू प्राणवायूविना ओढला जातो. बंद खोलीत, बंद मोटारीत किंवा तोंडावर पिशवी वा मुखवटा लावून तो ओढल्यास शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो, शुद्ध हरपते आणि मृत्यूही ओढवू शकतो. उभ्याने ओढल्यास पडून दुखापत होते आणि वाहन चालवताना ओढल्यास अपघात होतो. नळकांडीतून बाहेर पडणारा वायू अतिशय थंड असल्याने तो थेट तोंडात घेतल्यास ओठ, जीभ व घसा भाजल्यासारखा होतो. दुसरा धोका सावकाश येणारा आहे. तो मज्जारज्जूला होतो आणि अनेक आठवडे लक्षातही येत नाही.

मज्जारज्जूला इजा कशी होते

बी-१२ जीवनसत्त्वाच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्ट या धातूचा अणू असतो. शरीरातील मेथिओनिन सिंथेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, या जीवनसत्त्वाच्या मदतीने काम करते. होमोसिस्टीन या द्रव्याचे मेथिओनिनमध्ये रूपांतर करणे हे त्याचे काम. नायट्रस ऑक्साइड या कोबाल्टचे ऑक्सिडीकरण करतो, त्यामुळे जीवनसत्त्व निकामी होते आणि त्याबरोबर विकरही बंद पडते. ते पुन्हा चालू होत नाही. शरीराला नवे विकर तयार करावे लागते आणि त्यासाठी काही दिवस जातात.

मेथिओनिनची साखळी तुटल्यावर दोन परिणाम होतात. विजेच्या तारेवर जसे रबरी आवरण असते, तसे चेतातंतूंवर मायलिनचे आवरण असते. त्याची देखभाल मंदावते आणि ते झिजू लागते. सर्वप्रथम मज्जारज्जूच्या मागील बाजूचे तंतू बाधित होतात. पाय कोठे आहे, गुडघा किती वाकला आहे, जमीन किती कठीण आहे, ही माहिती मेंदूपर्यंत पोहोचवण्याचे काम याच तंतूंचे आहे. पुढे बाजूचे तंतू व हातापायांतील नसाही बाधित होतात. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला मज्जारज्जूचा उपतीव्र संयुक्त अपकर्ष म्हणतात. दुसरा परिणाम रक्तात दिसतो. होमोसिस्टीन साचते आणि त्यामुळे शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. एका पायाला अचानक सूज येणे किंवा धाप लागणे हे त्याचे लक्षण असू शकते.

या वायूचे दीर्घकालीन दुष्परिणाम वैद्यकविश्वाला टप्प्याटप्प्याने कळले. १९५६ मध्ये डेन्मार्कमधील डॉक्टरांनी धनुर्वाताच्या रुग्णांना दीर्घकाळ हा वायू दिल्यानंतर अस्थिमज्जेतील रक्तपेशींची निर्मिती खालावल्याचे नोंदवले. १९७८ मध्ये अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट लेझर यांनी मज्जारज्जू व नसा बाधित झालेल्या १५ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी १४ जण दंतवैद्य होते आणि बहुतेकांनी हा वायू नशेसाठी ओढला होता. वायूची माहिती असणारे आणि तो हाताशी असणारे लोकही या इजेपासून सुटले नव्हते, हे त्यातून स्पष्ट झाले.

भारतीय आहार आणि वाढलेला धोका

बी-१२ जीवनसत्त्व भाजीपाला, धान्ये आणि डाळींत नसते. ते मांस, मासे, अंडी, दूध आणि दुधाच्या पदार्थांतून मिळते. प्रौढ व्यक्तीला दररोज सुमारे २ ते अडीच मायक्रोग्रॅम इतक्या अत्यल्प प्रमाणात त्याची गरज असते आणि निरोगी व्यक्तीच्या यकृतात त्याचा काही वर्षे पुरेल इतका साठा असतो. ज्यांच्या शरीरात हा साठा भरलेला असतो, त्यांचे शरीर वायूचा मारा काही काळ सोसते. ज्यांचा साठा आधीच रिकामा असतो, त्यांना थोड्या वापरानेही लक्षणे दिसू शकतात.

पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन गटांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ६७ टक्के जणांत बी-१२ कमी आढळले आणि शाकाहारी व्यक्तींत ते कमी असण्याची शक्यता चौपटीहून अधिक होती. हा अभ्यास पुणे परिसरातला असला, तरी शाकाहाराची परंपरा असलेल्या बुंदेलखंडातील कुटुंबांनाही त्यातून बोध घेता येईल. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे, आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणारे आणि जठराची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण यांच्यातही हे जीवनसत्त्व कमी असू शकते.

म्हणून परदेशातील मित्राला काही झाले नाही, हा भारतीय तरुणासाठी भरवशाचा दाखला ठरत नाही. त्याचप्रमाणे, बी-१२ च्या गोळ्या घेत वायू ओढत राहिल्यास संरक्षण मिळते, हा समजही चुकीचा आहे. वायू चालू असेपर्यंत बाहेरून घेतलेले जीवनसत्त्वही निकामी होत राहते.

शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली दिल्या जाणाऱ्या वायूची भीती बाळगण्याचे कारण नाही. निरोगी व्यक्तीला एका शस्त्रक्रियेपुरता दिलेला वायू सहसा अपाय करत नाही. तथापि, बी-१२ ची तीव्र कमतरता असलेल्या काही रुग्णांना अशा एका वापरानंतरही मज्जारज्जूचा विकार झाल्याचे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवले गेले आहे. त्यामुळे ज्यांना ही कमतरता असल्याचे ठाऊक आहे, त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला तसे सांगावे.

लक्षणे कशी ओळखावीत

सुरुवात बहुधा दोन्ही पायांत एकाच वेळी होते. बोटांना मुंग्या येतात, मग बधिरपणा घोट्यापर्यंत आणि पुढे गुडघ्यापर्यंत चढतो. काही दिवसांत हातांच्या बोटांतही तेच जाणवते. मान पुढे वाकवली असता पाठीतून पायांपर्यंत विजेचा झटका गेल्यासारखे वाटणे हे मज्जारज्जू बाधित झाल्याचे चिन्ह आहे. चाल बदलते. पाय रुंद टाकले जातात, नजर जमिनीवर खिळते आणि चप्पल पायातून निसटलेली कळत नाही. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, कारण तोवर डोळे हे पायांच्या हरवलेल्या संवेदनेची भरपाई करीत असतात. पुढच्या टप्प्यात पायांतील शक्ती कमी होते, लघवी सुरू होण्यास वेळ लागतो किंवा ती आवरत नाही, बद्धकोष्ठता होते आणि पुरुषांत लैंगिक अडचणी येतात.

काही रुग्णांत मानसिक लक्षणे आधी दिसतात. विसराळूपणा, चिडचिड, संशयीपणा, भास होणे यांमुळे रुग्णाला थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले जाते आणि पायांच्या मुंग्यांकडे दुर्लक्ष होते.

पालकांच्या दृष्टीने आसपासच्या वस्तूही बोलक्या असतात. खोलीत किंवा मोटारीत पडलेल्या रिकाम्या धातूच्या नळकांड्या, वापरलेले फुगे आणि क्रीम फेटण्याचे यंत्र यांचा घरात दुसरा काही उपयोग नसेल, तर शांतपणे विचारणा करणे योग्य ठरते.

निदानातील अडथळे

या विकाराच्या निदानात सर्वांत मोठा अडथळा म्हणजे रुग्ण वायूबद्दल सांगत नाही आणि डॉक्टरही विचारत नाहीत. अनेक तरुणांना हा वायू ‘नशा’ वाटतच नाही, त्यामुळे ‘काही व्यसन आहे का’ या प्रश्नाला ते प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतात. म्हणून फुगा, क्रीमची नळकांडी, हास्यवायू असे शब्द वापरून स्पष्ट प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते. रक्ताच्या किंवा लघवीच्या नेहमीच्या अमली पदार्थ चाचण्यांत हा वायू दिसत नाही. तो काही मिनिटांतच श्वासावाटे शरीराबाहेर पडतो.

दुसरा अडथळा रक्ताच्या अहवालाचा. नायट्रस ऑक्साइडने जीवनसत्त्व निकामी झाले, तरी त्याचे रेणू रक्तात असतातच. त्यामुळे बी-१२ चा अहवाल सामान्य येऊ शकतो आणि रुग्ण व डॉक्टर दोघेही निर्धास्त होतात. अशा वेळी होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक आम्ल या दोन चाचण्या अधिक विश्वासार्ह मानल्या जातात. जीवनसत्त्व काम करेनासे झाले की त्यांचे रक्तातील प्रमाण वाढते. होमोसिस्टीनचा नमुना बर्फात ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो, अन्यथा आकडा खोटा वाढतो. लहान शहरांतून नमुना बाहेर पाठवताना याची विशेष काळजी घ्यावी लागते.

मानेच्या एमआरआय चित्रात मज्जारज्जूच्या मागील भागात उलट्या इंग्रजी ‘व्ही’सारखी पांढरी खूण दिसू शकते. मात्र चित्र सामान्य असले, तरी विकार नाही असे ठरत नाही. नसांमधील संदेशवहनाच्या चाचणीतून हातापायांच्या नसांची स्थिती कळते. गिया-बारे विकार, तांब्याची कमतरता, मज्जारज्जूवरील दाब, एचआयव्ही आणि उपदंश यांचाही विचार डॉक्टरांना करावा लागतो. या विकारांची लक्षणे काही अंशी सारखी असली, तरी उपचार वेगळे आहेत.

उपचार

संशय बळकट असेल, तर अहवालांची वाट न पाहता उपचार सुरू करण्याकडे तज्ज्ञांचा कल असतो. चाचण्यांसाठी रक्त घेऊन त्याच दिवशी पहिले इंजेक्शन देता येते. ब्रिटनमधील मेंदूविकारतज्ज्ञांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात हायड्रॉक्सोकोबालामिन या बी-१२ च्या प्रकाराचे १ मिलिग्रॅमचे इंजेक्शन एक दिवसाआड स्नायूत देण्याचा आणि सुधारणेनुसार पुढील कालावधी ठरवण्याचा सल्ला आहे. भारतात मिथाइलकोबालामिन व सायनोकोबालामिन ही रूपेही वापरली जातात. कोणते, किती आणि किती दिवस, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते. काही ठिकाणी मेथिओनिनच्या गोळ्याही जोडीला दिल्या जातात.

फॉलिक आम्लाची गोळी एकटी देणे टाळावे लागते. त्यामुळे रक्तक्षयाची लक्षणे झाकली जातात, मज्जारज्जूची झीज मात्र चालूच राहते. ‘ताकदीच्या’ गोळ्या परस्पर घेत बसल्यास मोलाचे आठवडे वाया जातात.

उपचारांचा पाया मात्र वायू पूर्ण बंद करणे हाच आहे. इंजेक्शने चालू असताना अधूनमधून वायू ओढल्यास सुधारणा थांबते किंवा रुग्ण पुन्हा खालावतो.

पुनर्वसन : हरवलेली जमीन पुन्हा शोधणे

इंजेक्शने झीज थांबवतात आणि दुरुस्तीला वाव देतात. परंतु पुन्हा सरळ चालणे, जिना उतरणे, लिहिणे, गुंडी लावणे हे शरीराला पुन्हा शिकवावे लागते. हे काम भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार यांचे आहे.

तोल आणि चालीसाठी वापरल्या जाणाऱ्या व्यायामांत फ्रेंकेल व्यायाम प्रसिद्ध आहेत. स्वित्झर्लंडमधील डॉक्टर हाइनरिख फ्रेंकेल यांनी ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उपदंशामुळे मज्जारज्जूचा मागील भाग झिजलेल्या रुग्णांसाठी तयार केले. नायट्रस ऑक्साइडही प्रामुख्याने त्याच भागावर आघात करीत असल्याने ते येथेही उपयोगी पडतात. रुग्ण प्रथम पाठीवर झोपून, पायाकडे पाहत, टाच बिछान्यावरून ठरलेल्या खुणेपर्यंत सावकाश सरकवतो. त्यानंतर खुर्चीत बसून जमिनीवरील खडूच्या खुणांवर पाऊल ठेवतो. पुढे उभा राहून आखलेल्या पावलांवरून चालतो. प्रत्येक हालचाल मोजत, संथपणे आणि अचूक करायची असते. वेग आणि जोर यांना येथे महत्त्व नाही. जमू लागल्यावर नजरेचा आधार हळूहळू कमी केला जातो.

याच्या जोडीला समांतर दांड्यांमध्ये चालण्याचा सराव, पायांचे व कमरेचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि आखडलेले स्नायू ताणण्याचे व्यायाम दिले जातात. पाऊल लोंबत असेल, तर घोट्याला आधार देणारी पट्टी वापरली जाते. काठी किंवा वॉकर घेणे म्हणजे हार मानणे नव्हे. पडून हाड मोडल्यास अनेक महिन्यांची प्रगती वाया जाते. हातांसाठी नाणी उचलणे, मणी ओवणे, गुंड्या लावणे, कणीक मळणे अशी रोजची कामेच व्यायाम म्हणून दिली जातात. लघवीच्या तक्रारींसाठी वेळापत्रक, गरज असल्यास औषधे किंवा नळीचा तात्पुरता वापर यांचे मार्गदर्शन मिळते.

घरातही काही बदल करावे लागतात. रात्री खोली व न्हाणीघर यांच्या वाटेवर दिवा, न्हाणीघरात भिंतीला दांडा व बसायला स्टूल आणि पायात मागे पट्टा असलेली पादत्राणे ही साधी साधने पडण्यापासून वाचवतात. झाशीत मे-जून महिन्यांत तापमान अनेकदा ४५ अंशांच्या आसपास जाते. दगडी अंगणात किंवा गच्चीवर अनवाणी चाललेल्या बधिर पायांना भाजल्याची जाणीवही होत नाही. हिवाळ्यात शेकोटी, हीटर आणि गरम पाण्याची पिशवी यांबाबत हीच खबरदारी घ्यावी. अंघोळीचे पाणी पायाने न तपासता कोपराने किंवा घरातील दुसऱ्या व्यक्तीने तपासावे. रोज रात्री तळवे पाहून जखम नाही याची खात्री करावी.

सुधारणा किती व किती दिवसांत होईल, हे इजेची तीव्रता, उपचार सुरू होण्यास लागलेला वेळ आणि वायू कायमचा सुटला की नाही, यांवर अवलंबून असते. बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत बदल दिसू लागतो आणि पुढील अनेक महिने तो चालू राहतो. हातापायांतील तुटलेला चेतातंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने वाढतो. गुडघ्यापासून पावलापर्यंतचे अंतर पाहता वर्षभराची प्रतीक्षा अस्वाभाविक नाही. मुंग्या व जळजळ सर्वांत शेवटी जातात आणि सुधारणेच्या काळात त्या काही दिवस वाढल्यासारख्याही वाटू शकतात. काहींमध्ये थोडा बधिरपणा किंवा तोलाची अडचण कायम राहते. अशा रुग्णांना दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार तपासणीअंती प्रमाणपत्र व सवलती मिळू शकतात.

नशा सुटणे हा उपचाराचाच भाग

पायांत शक्ती परत आली की जुनी संगतही परत येते, आणि पुन्हा वायू ओढल्यास दुसरी इजा पहिलीपेक्षा अधिक काळ टिकू शकते. त्यामुळे मेंदूविकारतज्ज्ञ व भौतिकोपचारतज्ज्ञ यांच्या जोडीला समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ असणे आवश्यक ठरते. वायू कधी ओढावासा वाटतो, कोणासोबत, कोणत्या ताणात, हे शोधून त्या प्रसंगांसाठी पर्याय ठरवले जातात. मद्य किंवा इतर पदार्थांचा वापर असल्यास त्यावरही एकत्रित उपचार केले जातात. महाराष्ट्रात डॉ. अनिल अवचट व डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने कुटुंबाला उपचारात सामील करून घेण्याचा मार्ग रुजवला. घरच्यांची साथ या विकारातही तितकीच मोलाची ठरते.

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार, हुंगून करायच्या नशेचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर मुले व किशोरवयीनांत १.१७ टक्के आहे. मुलांमधील प्रमाण प्रौढांपेक्षा अधिक असलेला हा एकमेव प्रकार होता. भारतात या नशेत प्रामुख्याने पंक्चरचा सोल्यूशन, व्हाइटनर, थिनर यांसारखे पदार्थ वापरले जातात आणि त्यांचे परिणाम वेगळे असतात. तरीही ‘हुंगण्याची नशा किरकोळ असते’ हा समज लहान वयातच रुजतो, हे या आकड्यांवरून दिसते.

कायद्याची स्थिती

फ्रान्सने १ जून २०२१ च्या कायद्याने अल्पवयीनांना हा वायू विकण्यास बंदी केली. नेदरलँड्सने १ जानेवारी २०२३ पासून नशेसाठीच्या वापरावर बंदी घातली. ब्रिटनने ८ नोव्हेंबर २०२३ पासून त्याचा ‘क’ वर्गातील अमली पदार्थांत समावेश केला. तेथे नशेसाठी बाळगल्यास २ वर्षांपर्यंत, तर पुरवठा केल्यास १४ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. शिक्षणासाठी तेथे गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांनाही हे कायदे लागू आहेत.

भारतात वैद्यकीय वापराचा नायट्रस ऑक्साइड हे औषध मानले जाते. १९८५ च्या अमली व मनःप्रभावी पदार्थ अधिनियमाच्या यादीत हा वायू नाही. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने डॉक्टरांपासून माहिती लपवण्याचे कारण नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने व्यसनावर उपचार घेणाऱ्या रुग्णालाही गोपनीयतेचा अधिकार दिला आहे.

झाशी परिसरातील रुग्णांनी काय करावे

अशी लक्षणे असणाऱ्याने प्रथम वायू थांबवावा आणि काही दिवसांतच डॉक्टरांना भेटावे. झाशीत १९६८ पासून कार्यरत असलेले महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय हे ललितपूर, जालौन, महोबा तसेच मध्य प्रदेशातील दतिया, निवाडी व टीकमगढ येथील रुग्णांसाठीही जवळचे मोठे केंद्र आहे. सुमारे १०० किलोमीटरवर ग्वाल्हेरचे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय, तर सुमारे ४०० किलोमीटरवर दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. याच संस्थेचे राष्ट्रीय व्यसनमुक्ती उपचार केंद्र गाझियाबाद येथे आहे. महाराष्ट्रात नातेवाईक असलेल्या कुटुंबांना मुंबईत हाजीअली येथे १९५५ पासून चालणाऱ्या अखिल भारतीय भौतिक औषध व पुनर्वसन संस्थेचाही पर्याय आहे. मात्र इंजेक्शने आणि व्यायाम मोठ्या शहरातच मिळतात असे नाही. निदान एकदा निश्चित झाले की दोन्ही उपचार घराजवळ चालू ठेवता येतात.

डॉक्टरांकडे जाताना कोणता वायू, किती नळकांड्या, किती महिने आणि शेवटचा वापर कधी, हे लिहून न्यावे. आहार, चालू औषधे व आधी घेतलेल्या बी-१२ च्या गोळ्या किंवा इंजेक्शने यांचीही नोंद असावी. रुग्ण तरुण असेल, तर काही वेळ डॉक्टरांशी एकट्याने बोलू देणे हिताचे ठरते.

पाय अचानक लुळे पडणे, लघवी अडणे, श्वासास त्रास होणे, एका पायाला सूज येणे किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही झाल्यास तातडीने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. वायू ओढून कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्या तोंडावरील पिशवी वा मुखवटा काढून त्याला मोकळ्या हवेत आणावे, श्वास चालू असल्यास कुशीवर वळवून ठेवावे आणि मदत येईपर्यंत एकटे सोडू नये. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६ असून मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. दोन्ही सेवा विनामूल्य आहेत.